राऊच्या बैठकीतलं धुराडं

आमचं इंदूरजवळच्या राऊचं घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलं. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. ते संस्थानात ओव्हरसियर होते आणि कामानिमित्त महूला त्यांची ये-जा असे. मंदसौरच्या तहानंतर, १८१८ साली, इंग्रजांनी महूला छावणी वसवली आणि पुढे तिथे जाड भिंतींचे, उंच छतांचे बंगले उठत गेले. त्यातल्या काहींच्या दिवाणखान्यात लाकडं जाळायची फायरप्लेस असे. आजेसासऱ्यांच्या ती मनात भरली. राऊला जागा घेतली तेव्हा भोवती बटाट्याची आणि गव्हाची शेतं होती. त्यांनी बैठकीच्या भिंतीत विटांची फायरप्लेस बांधून घेतली आणि तिच्यावर कौलांच्या वर डोकं काढणारं धुराडं.

मी मूळची जळगावची. घरात आग पेटवून तिच्यासमोर बसायचं, हे लग्न होऊन इथे आले तेव्हा मला नवलाचं वाटलं होतं. पहिल्याच पौषात नवल सरलं. माळवा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचावर आहे. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे, थंडीची लाट आली की, पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असतो. शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही. अशा रात्री जेवणं झाली की सगळं घर बैठकीत जमायचं. सासूबाई, त्यांना आम्ही माई म्हणतो, फायरप्लेसच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसायच्या. ती जागा अजून त्यांचीच आहे.

तेव्हाचं घर जुनं होतं. वर कौलं, दारांखाली बोटभर फट, भिंतीत वर जाळीचे झरोके. माई दाराच्या फटीत जुन्या लुगड्याच्या सुरळ्या कोंबायच्या, तरी वारा कुठून तरी यायचाच. पुढे कौलं काढून स्लॅब पडला, वर एक खोली चढली. आग्रा-मुंबई रस्त्यावरची वाहतूक वाढली, तिचा आवाज आणि धूळ नको म्हणून लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. डेंग्यूच्या डासांच्या भीतीने झरोक्यांवर काचा बसल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर विजेची चिमणी लागली. यातलं प्रत्येक काम आपापल्या जागी योग्य होतं. फायरप्लेसला मात्र कोणी हात लावला नव्हता, ती होती तशीच होती. बदललं होतं तिच्याभोवतीचं घर.

एका संक्रांतीला इंदूरहून पाहुणे आले होते. स्वयंपाकघरात गराडू नावाच्या कंदाचे तुकडे तळणं चाललं होतं. थंडीत इंदूरकराला गराडू लागतोच, आणि दोनदा तळायचा असतो म्हणून कढई उतरत नाही. ओट्यावरची चिमणी पूर्ण वेगात, खिडक्या घट्ट बंद, बैठकीत आग. मधूनच धुराचा भपकारा खोलीत यायचा आणि कोणीतरी लाकूड सारखं करायचं. पाहुणे गेले, ज्वाळा बसल्या, लालभडक निखारे उरले. धूर पूर्ण थांबला म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. मागची आवराआवर चालली होती, ओट्यावरची चिमणी अजून सुरूच होती. माई खुर्चीत पेंगत होत्या. त्यांनी कपाळ धरलं, मळमळतंय म्हणाल्या. तेवढ्यात सतरंजीवर लोळणारी माझी मुलगी म्हणाली, ‘‘आई, माझंपण डोकं खूप दुखतंय.’’

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता. माईंच्या बोटाला लावला, अठ्ठ्याण्णव दाखवले. मी दिरांना फोन केला. ते डॉक्टर आहेत. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ‘‘वहिनी, दोघींना आधी अंगणात घ्या. दारं-खिडक्या सताड उघडा. त्या ऑक्सिमीटरवर जाऊ नका.’’ बाहेरच्या गार हवेत मुलीचं डोकं उतरायला लागलं. माईंना आम्ही इंदूरला दवाखान्यात नेलं, तिथे मास्क लावून ऑक्सिजन दिला आणि रक्ताची तपासणी झाली. कार्बन मोनॉक्साइडच होता. सकाळी माई बोलत्या झाल्या, चहा मागितला, तेव्हा मला दवाखान्याच्या बाकावर रडू फुटलं.

दिरांनी नंतर शांतपणे समजावून सांगितलं. लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, आणि मग ऑक्सिजनला तिथे जागाच उरत नाही. बोटावरचा ऑक्सिमीटर रक्ताचा रंग पाहतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच असतं, म्हणून ते यंत्र दोन्हींतला फरक न ओळखता चांगला आकडा दाखवतं. साध्या हवेत तो वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागणं, मळमळणं, आणि बाहेर आल्यावर बरं वाटणं, ही खूण त्यांनी मला पाठ करायला लावली. जो झोपेत असतो त्याला ही खूणसुद्धा मिळत नाही.

घरात दोन मतं पडली. एक, फायरप्लेस विटांनी बुजवून टाकावी. दुसरं माईंचं. ‘‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता का झालं ते आधी शोधा,’’ असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं पटलं.

महूहून एक म्हातारे मिस्त्री बोलावले. छावणीतल्या बंगल्यांची धुराडी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी आधी राखेवर एक आरसा ठेवला आणि वर बॅटरी न मारता नुसतं पाहिलं. धुराडं मोकळं असेल तर आरशात आभाळाचा तुकडा दिसायला हवा. तो अर्धाच दिसला. वर साळुंक्यांचं जुनं घरटं अडकलं होतं. ते काढलं, मग तारेचा ब्रश दोरीला बांधून वरून खाली फिरवला. पोतंभर काजळी निघाली. काही भुकटीसारखी होती. काही मात्र डांबरासारखी चकचकीत, भिंतीला घट्ट धरलेली, ती खरवडून काढावी लागली. तिला क्रिओसोट म्हणतात. ओलं लाकूड धुमसत राहिलं की धुरातली वाफ आणि तेलकट अंश धुराड्याच्या गार भिंतीवर बसतात. हा थर स्वतः पेट घेतो. मग आग चुलीत न राहता धुराड्यात लागते आणि विटांचे सांधे फोडते. मिस्त्रींनी अशी आग एका बंगल्यात पाहिली होती. दरवर्षी दिवाळीआधी धुराडं झाडून घ्यायचं, असं त्यांनी तेव्हाच बजावलं.

धुराडं स्वच्छ झालं, तरी पेटवल्यावर धूर परत खोलीत. इथे खरं कोडं सुटायला लागलं. मिस्त्री म्हणाले, लाकूड विझवा, उदबत्ती आणा. फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरली, धुराची रेघ आत वळून वर गेली. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरची चिमणी लावली. बैठकीत परत आले तर तीच रेघ माझ्या तोंडावर येत होती. धुराड्यातून बाहेरची गार हवा खाली उतरत होती, माझ्या हाताला ती लागत होती. बैठकीची खिडकी चार बोटं सरकवली, रेघ पुन्हा आत वळली. खिडकी बंद केली, पुन्हा बाहेर. मुलीने ते किती तरी वेळा करून पाहिलं.

त्या उदबत्तीने मला जे शिकवलं ते असं. धुराड्यातून धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून. पण जेवढी हवा वरून बाहेर जाते, तेवढीच कुठून तरी घरात यावी लागते. उघडी फायरप्लेस तासाला काही शे घनमीटर हवा ओढते. आमच्या बैठकीत सगळी मिळून ऐंशी घनमीटरच्या आसपास हवा मावते. ओट्यावरच्या चिमणीच्या डब्यावर तर ताशी हजार-बाराशे घनमीटर असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्याहून कमी ओढत असेल, तरी खिडक्या बंद असताना ती एवढी हवा आणणार कुठून? तिला घरात एकच उघडी वाट उरली होती, आणि ती वाट म्हणजे आमचं धुराडं. आजेसासऱ्यांच्या वेळी कौलांमधून, दाराखालून, झरोक्यांतून ही हवा आपोआप येत होती. ज्या फटींना आम्ही शिव्या देत होतो, त्यांच्याच जिवावर ती फायरप्लेस चालत होती.

झरोक्यांवरच्या काचा काढून बारीक जाळी बसवली. डास येत नाहीत, हवा येते. फायरप्लेसजवळच्या खिडकीच्या खाचेत एक लाकडी ठोकळा ठोकून टाकला, आग असताना ती पूर्ण बंद होऊच शकत नाही. मिस्त्रींनी जोत्यातून चार इंची पाइप घालून बाहेरची हवा थेट फायरप्लेसच्या तोंडापाशी आणली. त्यामुळे खिडकीतला गारठा पाठीवर येणं बरंच कमी झालं. आणि आग असेल तेव्हा ओट्यावरची चिमणी बंद, हा नियम स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावला. गराडू त्या दिवशी दुपारी तळायचे.

वारा पश्चिमेकडून असला की तरीही धूर उलटत होता. गच्चीवर जाऊन पाहिलं तेव्हा कारण डोळ्यांसमोरच उभं होतं. स्लॅब पडल्यावर जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी आली होती, आणि धुराडं त्यांच्या आडोशाला बुटकं पडलं होतं. वारा टाकीवरून उसळून धुराड्याच्या तोंडात शिरत होता. धुराडं छतावर निदान तीन फूट असावं, आणि आडवं मोजून दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, त्याच्याहून दोन फूट वर जावं, असा अमेरिकेत बांधकामाचा नियम आहे. आमचं टाकीच्याही खाली होतं. ते वर चढवलं, पावसासाठी टोपी आणि पक्ष्यांसाठी जाळी बसवली.

फायरप्लेसच्या तोंडाच्या मापाचीही एक गोष्ट निघाली. मिस्त्रींनी पत्र्याचा एक तुकडा फायरप्लेसच्या तोंडावर वरच्या कडेला धरला आणि आग चालू असताना हळूहळू खाली सरकवला. एका उंचीला धूर बाहेर येणं थांबलं. तिथे त्यांनी खूण केली. मधल्या दुरुस्तीत तोंडाला काळा संगमरवर लावताना ते मोठं केलं गेलं होतं. धुराड्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास लागतं, नाहीतर सगळा धूर तिच्यात मावत नाही. पुढे मी वाचलं की रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये याच विषयावर निबंध लिहून लंडनमधल्या फायरप्लेसची तोंडं लहान आणि खोली उथळ करायला लावली होती. महूच्या या मिस्त्रींना रम्फर्ड माहीत असायचं कारण नाही. त्यांना पत्रा माहीत होता. आम्ही तोंडाच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टी बसवली.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी सापडली. धुराडं वर जाताना वरच्या खोलीच्या भिंतीतून जातं, आणि त्या खोलीत माझा मुलगा झोपतो. मिस्त्रींनी खाली ओलं गवत धुमसत ठेवलं, गच्चीवर धुराड्याचं तोंड ओल्या पोत्याने झाकलं आणि आम्हाला भिंती पाहत फिरायला सांगितलं. वरच्या खोलीत, कपाटाच्या मागे, गिलाव्याच्या एका भेगेतून धुराची बारीक धार येत होती. आत विटांचे सांधे सुटले होते. वरवर सिमेंट भरून भागणार नव्हतं. धुराड्याच्या आत वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी सोडली, तेव्हाच पुन्हा आग पेटवली. त्यात पैसे गेले, बरेच गेले. ते जमले नसते तर मी स्वतः विटा रचून फायरप्लेस बंद केली असती. भेगाळलेल्या धुराड्याखाली आग पेटवण्यासारखी कोणतीच थंडी माळव्यात पडत नाही.

लाकडाचं मी आता फार बघते. वखारीतून बाभूळ आणते, ते जड असतं आणि निखारा टिकतो. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. जाळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं. त्यासाठी उन्हाळ्याच्या आत फोडून, जमिनीवर न टेकवता, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून रचायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं बद्द वाजतं. सुताराकडचे प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली जुनी चौकट, पुठ्ठे, प्लास्टिक यांना बंदी. कण्हेरीची फांदी तर चुकूनही नाही, तिचा धूरही विषारी असतो. रॉकेल ओतून पेटवायचं नाही.

पेटवण्याआधी धुराड्याच्या घशातली लोखंडी झडप पूर्ण उघडायची, खिडकी पाहायची, मग वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा थोडा वेळ धुराड्याच्या घशाशी धरायचा. आतली गार हवा तापून वर सरकली की मगच काड्या पेटवायच्या. समोर जाळीचा पडदा. माईंना पदर कमरेला खोचायला सांगावं लागत नाही, त्या आपणहून खोचतात. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात अंगणात जाते, कारण राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

झडप कधी लावायची, यावरून मात्र घरात अजून वाद होतो. निखारे लाल असताना ती लावली तर ऊब खोलीत राहते, असं आमच्या घरचं जुनं मत. हे मत मी मोडून काढलं आहे. ज्वाळा असते तेव्हा धूर डोळ्यांना झोंबतो आणि माणूस उठून खिडकी उघडतो. निखाऱ्यांना धूर नसतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर निखारेच सोडत राहतात. त्या संक्रांतीलाही माईंना त्रास झाला तो धूर थांबल्यानंतर. राख पूर्ण गार होईपर्यंत झडप उघडी राहते आणि बैठकीत कोणी झोपत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बैठकीत एक आणि वरच्या खोलीत एक आहे. त्यांच्या आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून मागे बदलण्याची तारीख लिहून ठेवली आहे.

‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ ही समजूत आमच्या घरापुरती नाही, म्हणूनच हे सगळं लिहायला बसले. इथे अंगणात दाल-बाफले होतात, कंड्यांची, म्हणजे गोवऱ्यांची, आच पडते, आणि उरलेले इंगळ सिगडीत नाहीतर घमेल्यात भरून कोणीतरी खोलीत नेतं. ते लाल असतात, धूर नसतो, खोली छान गरम होते. फायरप्लेसला निदान धुराडं तरी आहे. घमेल्याला काहीच नाही. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी उत्तर भारतात दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते आणि पेपरच्या आतल्या पानात दोन इंच जागा घेते.

आमच्या मागे एका इमारतीचं काम चालू आहे. झाबुआ-अलीराजपूरकडून आलेले भिल्ल मजूर तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. वाऱ्यासाठी पत्र्याच्या फटींवर प्लास्टिक ताणलेलं असतं. मागच्या थंडीत एका मुलीला, कडेवर तान्हं बाळ, इंगळांचं घमेलं घेऊन आत जाताना पाहिलं आणि मी कुंपणावरूनच हाक मारली. तिला वाटलं मी लाकडं चोरल्याबद्दल बोलतेय. मग मी पलीकडे गेले, तिच्या सासूला उंबऱ्यावर बसवून माईंचं काय झालं ते सगळं सांगितलं. त्या बाईने ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग बाळ गारठ्यात झोपवू?’’

तिचा प्रश्न खरा होता. आग नको म्हणणाऱ्याने दुसरी ऊब द्यायला हवी. ठेकेदाराशी बोललो. तो सुरुवातीला टाळत होता, माझ्या यजमानांनी त्याला माईंचे दवाखान्याचे कागद दाखवले. शेवटी त्याने प्रत्येक खोलीमागे दोन रजया दिल्या आणि जमिनीच्या ओलीसाठी फळ्या टाकल्या. आमच्या गल्लीतल्या बायकांनी जुन्या गोधड्या दिल्या. खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विटांचं एक गोल आळं करून घेतलं. संध्याकाळी सगळे तिथे शेकतात, विटा तापवून फडक्यात गुंडाळून अंथरुणात नेतात. घमेलं बाहेरच राहतं. वाळू टाकून आग विझवायचं काम त्या सासूनेच अंगावर घेतलं आहे. या वर्षी नवी माणसं आली आहेत, त्यांच्याशी पुन्हा बोलायचं आहे. दिवाळीआधी महूचे मिस्त्री धुराडं झाडायला येतील, तेव्हा मी त्यांना आधी मागे घेऊन जाणार आहे. त्यांचं सांगणं त्या लोकांना माझ्याहून लवकर पटेल.